शिस्त फाटकाशी की वर्गात?

जून उजाडला की घरोघरी एकच लगबग. वह्यांना खाकी कव्हरं घाला, दप्तराची चेन बदलून आणा, गेल्या वर्षीच्या गणवेशाची दुमड सोडा. मुलांना शाळेसाठी तयार करण्यात आपण कुठं कमी पडत नाही. पण शाळा मुलांसाठी तयार असते का? हा प्रश्न मलाही एका चुकीमुळे पडला.

मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होते. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण आणि मग माइकवरून वीस-बावीस नियमांची यादी. त्यात भर माझीच. ‘उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी उभं करा. पहिल्याच दिवशी धाक बसला की वर्षभर बघायला नको,’ असं मीच बैठकीत ठणकावून सांगितलं होतं.

त्या दिवशी सात-आठ मुलं फाटकाशी उभी राहिली. त्यात वाडीवरची, पाचवीत नव्यानं आलेली एक मुलगी होती. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायचीच बंद झाली. चौकशीला घरी गेले, तर तिची आई म्हणाली, ‘ताई, शाळा साडेदहाची आन् एसटी पोचते पावणेअकराला. पोरीनं काय करावं? अन् दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही ती. लघवीला कुठं जायचं, हे विचारायची लाज वाटते तिला.’

मी काय बोलणार? बावीस नियम सांगितले आम्ही, पण मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे, हे कुणीच सांगितलं नव्हतं! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारण्यावरच नव्हे, तर मानसिक छळावरही बंदी घातली आहे. सगळ्यांसमोर उभं करून लाजवणं यात येतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांच्या मदतीनं आम्ही कार्यक्रमच बदलला. भाषणं दहा मिनिटांत आटोपली. नव्या मुलांना आठवीच्या ताई-दादांच्या हाती सोपवलं. त्यांनी पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ग्रंथालय सगळं फिरून दाखवलं. बावीस नियमांचे पाच झाले, तेही वर्गात मुलांशी बोलून. आणि नुसते सांगितले नाहीत, तर आठवडाभर करून घेतले. चपला ओळीत कशा लावायच्या, पोषण आहाराच्या रांगेत कसं उभं राहायचं, ताट कुठं धुवायचं. पालकांची सभाही वर्गवार घेतली, त्यामुळे मागं बसणाऱ्या आयाही बोलत्या झाल्या. एसटीची वेळ काही बदलली नाही, म्हणून प्रार्थनाच पंधरा मिनिटं पुढे ढकलली.

‘हे लाड झाले,’ असं काही शिक्षक म्हणाले. उशीर पूर्ण थांबला, असंही नाही. पण उशीर करणाऱ्याला आता आधी कारण विचारलं जातं. आणि व्हरांड्यातल्या चपला ओरडल्याशिवाय ओळीत लागतात. संस्कार म्हणजे तरी दुसरं काय? मोठी मुलं लहानांशी जशी वागतात, तेच लहान मुलं उचलतात.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ मध्ये शाळापूर्व तयारी अभियान झालं, मातांचे गट तयार झाले. पण गावची शाळा सोडून मोठ्या शाळेत जाणाऱ्या पाचवीच्या मुलाकडे आपलं लक्ष जातं का? त्याला तर सगळंच नवं असतं.

मैत्रिणींनो, कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. तेव्हा नुसती सही करून घरी येऊ नका. पहिल्या दिवशी मुलांना काय सांगणार, काय दाखवणार, उशीर झाला तर काय करणार, हे मे महिन्यातच विचारा.

ती मुलगी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर शाळेत परतली. या खेपेला एका नव्या मुलीचा हात धरून ती तिला पाण्याची टाकी दाखवत होती. मी लांबूनच पाहिलं. जवळ जायचं धाडस मात्र झालं नाही.