फोन घेण्याआधी दोन आकडे बघा



आमच्या आंबिवलीच्या गटात गोधड्या शिवतात. कामं उरकून फोटो काढायला रात्रच होते. खोलीत एक बल्ब. त्या उजेडातले फोटो एका गिऱ्हाइकाला पाठवले. उत्तर आलं, "रंग मळका वाटतो, टाके दिसत नाहीत." ऑर्डर गेली. पुढच्या बैठकीत एकीनं सुचवलं, बचतीतून १०८ मेगापिक्सलचा फोन घेऊ. मी म्हटलं, पैसे सगळ्यांचे आहेत, आधी समजून घेऊ.

फोटो म्हणजे कॅमेऱ्यानं गोळा केलेला उजेड. कॅमेऱ्याच्या भिंगात उजेड आत यायची एक खिडकी असते, तिला ॲपर्चर म्हणतात. खोक्यावर ते एफ/१.८, एफ/२.४ असं लिहितात. इथं आकडा लहान तितकी खिडकी मोठी. एफ/१.८ मधून एफ/२.४ पेक्षा साधारण पावणेदोन पट उजेड येतो.

आत उजेड टिपणारी चकती म्हणजे सेन्सर. पावसात अंगणात वाटी ठेवा आणि परात ठेवा. पाऊस तोच, पण परातीत पाणी जास्त साठतं. सेन्सरचंही तसंच. त्याचं माप १/१.५६ इंच, १/४ इंच असं देतात. अर्धी भाकरी पाव भाकरीपेक्षा मोठी, तसा खालचा आकडा लहान तर सेन्सर मोठा.

मग मेगापिक्सल म्हणजे काय? त्या परातीत मांडलेल्या वाट्यांची संख्या. परात तेवढीच ठेवून वाट्या वाढवल्या, तर प्रत्येक वाटी लहान होणार. म्हणूनच ५० मेगापिक्सलचे बरेच फोन चार-चार वाट्या एकत्र धरून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो देतात. नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

उजेड कमी पडला की फोन दोन गोष्टी करतो. एक, जास्त वेळ उजेड घेत राहतो. तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट येतो. दुसरी, मिळालेला थोडा उजेड वाढवून दाखवतो. त्यात रवाळ ठिपके येतात आणि रंग बिघडतात. आमच्या गोधडीचं हेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जुन्या फोनची काच मऊ सुती कापडानं पुसली. गोधडी दाराशी, थेट ऊन लागणार नाही अशी पसरली. फोन दोन्ही हातांनी धरला. टाका न् टाका दिसला, लाल रंग लालच आला.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. बोटांनी झूम करू नका, पुढे सरका. कारण बऱ्याच फोनमध्ये तसं झूम केल्यावर सेन्सरचा थोडाच भाग वापरला जातो. मालाचा फोटो मागच्या मुख्य कॅमेऱ्यानं काढा, सहसा मोठा सेन्सर त्यालाच असतो. आणि मोठा सेन्सर, मोठी खिडकी असली की फार जवळून काढलेल्या फोटोत मधलाच भाग स्पष्ट येतो, कडा धूसर होतात. तेव्हा हातभर मागे या.

फोन घ्यायचाच असेल, तर दुकानात सेन्सरचं माप आणि ॲपर्चर विचारा. दुकानातल्या लख्ख दिव्यांखाली सगळेच फोटो छान येतात, म्हणून एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यातही फोटो काढून बघा. आमच्या गटानं तूर्त बचत तशीच ठेवली आहे आणि फोटो सकाळी काढायचे ठरवलं आहे.