एका यंत्राचे दोन हात



ग्रामोफोनची तबकडी ज्यांनी फिरताना पाहिली आहे, त्यांना संगणकातील हार्ड डिस्कची रचना समजावयास फारसे सायास पडणार नाहीत. एकाच आसावर अनेक चकत्या एकीवर एक अशा बसविलेल्या असतात. त्या सतत फिरत राहतात, आणि फणीच्या दातांसारख्या अनेक भुजा त्यांच्या मधून आतबाहेर सरकतात. प्रत्येक भुजेच्या टोकाशी वाचन-लेखन करणारे सूक्ष्म शीर्ष असते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे शीर्ष मात्र चकतीवर केसाहूनही कितीतरी कमी अंतर राखून तरंगते. या सगळ्या भुजा एकाच खुंटीला जखडलेल्या असतात. एक हलली की सगळ्या हलल्या. म्हणजे शीर्षे कितीही असली, तरी हात खरा एकच!

आता वेळेचा हिशेब पाहू. मोठ्या साठवणीच्या चकत्या सामान्यतः मिनिटास ७२०० फेरे घेतात. एका फेऱ्यास सव्वाआठ सहस्रांश सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. हवी असलेली जागा शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे चार सहस्रांशांहून थोडा जास्त काळ जातो. त्यापूर्वी भुजा योग्य वर्तुळावर न्यावयाची, त्यास सुमारे आठ सहस्रांश. इकडचे तिकडचे तुकडे एकामागून एक मागितले, तर असे यंत्र सेकंदाला सुमारे ८० मागण्या पुऱ्या करते. इतक्या वेळात प्रोसेसर अब्जावधी क्रिया उरकून मोकळा झालेला असतो.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक हे यंत्र बाजारात आणले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, आणि त्यांत मावत होती सुमारे ५० लक्ष अक्षरे. एखादे अक्षर शोधण्यास सरासरीने सहा दशांश सेकंद लागत. आज तळहाताएवढ्या पेटीत १४ टेराबाइट, म्हणजे त्याच्या सुमारे २८ लक्ष पट मजकूर राहतो; परंतु शोधण्याचा वेग वाढला तो जेमतेम पन्नास पट. कोठार गावाएवढे झाले आणि कोठीवाला एकच राहिला, अशी ही अवस्था आहे. जितकी साठवण वाढवावी, तितके प्रत्येक टेराबाइटच्या वाट्याला कमी श्रम येतात. जेथे अशी सहस्रावधी यंत्रे अहोरात्र चालतात, तेथे ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाही. ती खर्चाची होते.

उपाय उघड आहे: दुसरा हात द्यावा. ही कल्पना नवी नाही. आयबीएमच्या १९८० सालच्या ३३८० या यंत्रात एका आसाशी दोन स्वतंत्र भुजासमूह होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात कॉनर या कंपनीनेही तसा प्रयत्न केला. तो बाजारात रुजला नाही. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सीगेटने ही कल्पना पुन्हा पुढे आणली; तीच नंतर मॅक-२ या नावाने ओळखली गेली. त्यात खुंटी एकच. पण वरच्या चकत्यांच्या भुजा निराळ्या आणि खालच्या निराळ्या. दोन्ही समूह एकमेकांची वाट न पाहता हलतात. दोन्हींना भरपूर काम मिळाले, तर उरक जवळजवळ दुप्पट होतो.

मात्र काम मिळाले तरच. येथेच कर्नलचा संबंध येतो. लष्करातील कर्नलशी याचे नाते नाही. कार्यप्रणालीच्या गाभ्यास हे नाव आहे. कोणत्या कार्यक्रमाची मागणी यंत्राकडे केव्हा पाठवावी, हे तो ठरवितो. यंत्राला दोन हात आहेत हेच त्याला ठाऊक नसेल, तर तो जुन्या सवयीने एकाच हाताच्या सोयीची रांग लावणार.

या यंत्राच्या सॅस प्रकारात एक पेटी संगणकाला दोन वेगळ्या डिस्क म्हणून दिसते. यात एक धोका लपलेला आहे. व्यवस्थापकाने या दोन ‘डिस्क’ एकमेकींच्या प्रती म्हणून जोडल्या, तर आपला मजकूर दोन ठिकाणी सुरक्षित आहे असे त्याला वाटेल. पण मोटर एकच असल्याने ती बंद पडताच दोन्ही प्रती एकदम जातात. साटा प्रकारात उलट आहे. पेटी एकच डिस्क म्हणून दिसते; तिच्या क्रमांकांचा पहिला अर्धा भाग एका हाताकडे आणि दुसरा अर्धा दुसऱ्याकडे असतो. डिस्क आरंभापासून भरत गेली, तर निम्मी भरेपर्यंत दुसरा हात बसून राहतो.

यावर जानेवारी २०२२ मध्ये निघालेल्या लिनक्स ५.१६ ने पहिली सोय केली. यंत्राने आपले विभाग कोठे सुरू होतात आणि केवढे आहेत हे सांगावे, आणि कर्नलने ते वाचून सर्वांस उपलब्ध करून द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. गमतीची गोष्ट अशी की हे काम केले ते सीगेटच्या प्रतिस्पर्धी कंपनीतील अभियंत्याने. विभागांची सीमा कळली, म्हणजे मजकूर दोन्ही भागांत आलटून पालटून ठेवता येतो.

पण माहिती मिळणे वेगळे आणि तिचा उपयोग करणे वेगळे. इटलीतील मोदेना येथील विद्यापीठाचे पाओलो व्हालेंते यांनी घडविलेला बीएफक्यू हा नियोजक लिनक्समध्ये २०१७ पासून आहे. तो प्रत्येक कार्यक्रमाला ठराविक वाटा देतो आणि आळीपाळीने एकेकाची सेवा करतो. दोन हातांच्या यंत्रावर हाच न्याय आड येत असे. सेवा चालू असलेल्या कार्यक्रमाच्या सगळ्या मागण्या एकाच अर्ध्यातील असल्या, तर दुसरा हात रिकामा, आणि त्याला काम देऊ शकणारे मात्र रांगेत तिष्ठत. एप्रिल २०२३ मधील लिनक्स ६.३ मध्ये हे सुधारले. कोणत्या हाताकडे किती काम आहे याची मोजदाद नियोजक आता ठेवतो, आणि एक हात मोकळा दिसला की त्याच्या विभागातील दुसऱ्या कोणाची मागणी मध्येच पाठवितो. ज्याची पाळी आहे त्याच्या वाट्याला धक्का लागू नये, हे पाहणे यातील अवघड काम. हातांची संख्या आठपर्यंत गेली तरी चालेल, अशी तरतूद त्यात आहे. बाजारात आलेली मॅक-२ यंत्रे मात्र दोन हातांचीच आहेत.