सावली की सोलर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात व्हॅनमधला विजेचा हिशेब

कॅराव्हॅनच्या रील्समध्ये डोंगर, धुकं आणि हातात कॉफीचा मग असतो. आम्ही दोघं मात्र आमची व्हॅन घेऊन ताडोबाच्या बाजूने, पुढे आलापल्ली-भामरागडकडे फिरतोय, तेही भर उन्हाळ्यात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. नवरा लॅपटॉपवर नोकरी करतो, स्वयंपाकही बहुतेक तोच करतो. बॅटरीचा हिशेब माझ्याकडे. आणि रोज सकाळी आमचा वाद एकाच गोष्टीवरून होतो: गाडी सावलीत लावायची की उन्हात?

उन्हात लावली तर गाडीची भट्टी होते. सावलीत लावली तर छतावरचं सोलर झोपतं. हे नीट कळायला थोडं गणित लागेल, पण घाबरू नका, तुमच्या पॉवर बँकेपासूनच सुरू करू.

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० अँपिअर-अवर. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७, म्हणून २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-अवर. आमच्या व्हॅनची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची आहे. म्हणजे २,५६० वॉट-अवर, साधारण ३४ पॉवर बँका. ऐकायला भारी वाटतं. पण लाइट बिलाच्या भाषेत हे फक्त अडीच युनिट झाले! त्यातही तळाचे २० टक्के आम्ही राखून ठेवतो, म्हणजे हातात राहिले दोन युनिट.

आता खर्च बघा. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज या उन्हात दिवसाला ७०० वॉट-अवरच्या आसपास खातो, हिवाळ्यात याच्या निम्म्यात भागतं. दोन पंखे १२ तास चालले की ४८०. लॅपटॉप सहा तास, ३६०. राउटर, दिवे, पाण्याचा पंप, दोघांचे फोन मिळून आणखी सव्वादोनशे. एकूण पावणेदोन युनिट. फोनचा वाटा यात इतका किरकोळ आहे की चार्जिंगवरून कुणी कुणाला बोलू नये.

एसी या यादीत नाही, कारण हजार वॉटचा एसी दोन तासांत सगळी बॅटरी पिऊन टाकेल. इंडक्शनही नाही. १,८०० वॉट १२ व्होल्टवर ओढायचे म्हणजे दीडशे अँपिअर करंट, त्याला अंगठ्याएवढी जाड केबल लागते. आम्ही आपले पाच किलोच्या गॅस सिलिंडरवर खूश आहोत.

छतावर ४०० वॉटचं पॅनल आहे. मात्र ४०० हा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेला असतो. मेमध्ये छतावर सेल ७० अंशांपर्यंत तापतो आणि प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटतं. म्हणजे कडक उन्हातच १५ टक्के गेले. वायर आणि चार्जरमधली गळती धरून दिवसाला दीड युनिट मिळालं तर आम्ही चांगला दिवस म्हणतो. उरलेला पाव युनिट गाडी चालवताना इंजिनकडून भरून निघतो. त्यासाठी लावलेला डीसी-डीसी चार्जर ३० अँपिअरने चार्ज करतो, तास-पाऊण तास गाडी चालली की काम झालं.

खरी गोची सावलीची. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एका फांदीची सावली चार सेलवर पडली तरी त्या रांगेतला करंट अडतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून रस्ता काढतो, पण पॅनलचा तिसरा हिस्सा तर गेलाच ना! गाडी पूर्ण सावलीत असेल तर दिवसाला ३०० वॉट-अवरसुद्धा कठीण. म्हणजे दीड दिवसात फ्रिज बंद.

बरं, सावली तरी कुठली? साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, आलापल्लीच्या सागवनातून जाताना हे लगेच दिसतं. मोहाखाली गाडी लावायचा मोह टाळा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला पहाटे माणसं येतात, तशीच अस्वलंही येतात. त्यामुळे आम्ही गावात विचारून चिंचेखाली किंवा आंब्याखाली लावतो आणि २०० वॉटचं घडीचं पॅनल दहा मीटर केबलने उन्हात ठेवतो. वादावर आमचा तोडगा हाच. फक्त दर दोन तासांनी ते सूर्याकडे वळवावं लागतं आणि शेळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. केबल बारीक घेऊ नका, अर्धी वीज तीच खाईल.

बॅटरीलाही उष्णता चालत नाही. ५५-६० अंशांच्या पुढे तिचं संरक्षण सर्किट चार्जिंग तोडतं. डॅशबोर्डवर नेव्हिगेशन लावलेला तुमचा फोन उन्हात चार्ज व्हायचा थांबतो, तसंच. म्हणून आमची बॅटरी सीटखाली आहे, हवा खेळती राहील अशी.

रात्री मात्र जंगलात थांबायचं नाही, हा वाघाचा मुलूख आहे. दोन-तीन दिवसांनी रिसॉर्टच्या किंवा लॉजच्या आवारात प्लग पॉइंट मागतो. २० अँपिअरच्या चार्जरने बॅटरी सात-आठ तासांत भरते, आणि त्या रात्री एसी लागतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात वीज-पाणी असलेल्या कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे. तसे पार्क इकडे झाले तर हा अर्धा लेख रद्द होईल. गंमत म्हणजे, २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र इथे चंद्रपुरातच आहे आणि त्याच्या शेजारी बसून आम्ही वॉट-अवर मोजतोय.

नेटवर्कचंही थोडं. एटापल्ली, भामरागडच्या रस्त्यांवर टॉवर तुटक मिळतो. सिग्नल नसताना फोन जास्त ताकद लावून टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी एअरप्लेन मोड लावा. जीपीएस त्यातही चालतं, कारण फोन उपग्रहांचं फक्त ऐकत असतो, त्यांना काही पाठवत नाही. नकाशा तेवढा आधी डाउनलोड करून ठेवा. आमच्यापैकी एक जण बाजारात जातो तेव्हा परतायची वेळ बोलून ठरवतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिकची वाट बघत बसत नाही. अडलंच तर एसएमएस. डेटा चालत नाही तिथेही तो बऱ्याचदा जातो.

व्हॅन घ्यायचा विचार असेल तर आधी एक साधा प्लगवाला वॉटमीटर आणा. घरचा लॅपटॉप, पंखा, राउटर एकेक करून २४ तास त्यावर लावा आणि आकडे लिहून ठेवा. फ्रिजचा आकडा मात्र डिसेंबरात घेऊ नका, मेमध्ये घ्या.