जात्याला फुटलेला आवाज

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली आष्टी. बीडची आष्टी वेगळी, वर्ध्याकडची वेगळी. हा खुलासा इथल्या माणसाला जन्मभर करावा लागतो. दळण आता विजेच्या गिरणीवर जाते. जाते उरले ते लग्नातल्या हळदीपुरते. गिरणीने बायकांचे पहाटेचे कष्ट वाचवले, त्याबद्दल हळहळू नये. जात्याचे गोडवे गातात ते बहुधा पुरुष. त्यांनी खुंटा कधी धरलेला नसतो.

पण जाते थांबले आणि ओवीही थांबली. ओवीत माहेरची माया होतीच, शिवाय मृगाचा पाऊस, पेरणी, डोहाळे, सासुरवास, बाजारभाव, नवऱ्याचा स्वभाव, सारे होते. दोघी समोरासमोर बसत, एक सुरुवात करी, दुसरी पुरी करी. शाळा न पाहिलेल्या बायकांनी मिळून चालवलेले हे ज्ञानपीठच होते.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचले. तरी लोकगीत म्हणजे निनावी, हा आपला समज काही गेला नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पण इथलेच झालेले गी पॉइत्व्हाँ यांनी १९८०च्या दशकात मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांमध्ये काम करता करता ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. संगीताचे अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांना संगणकात जागा दिली. प्रत्येक ओवीला क्रमांक, विषय, गाव आणि गाणारीचे नाव. बँकेत हयात गेल्यामुळे असेल, मला यातले नावाचे रकानेच मोलाचे वाटतात. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, तिचे नाव तिच्या ओवीपुढे लागले. एका यंत्राने नेलेले दुसऱ्या यंत्राने थोडे परत आणले.

आष्टीहून गोदावरी ओलांडली की माजलगाव. तिथल्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत विठ्ठलाच्या जागी बाबासाहेब आहेत, शिक्षण आहे, स्वाभिमान आहे. परंपरा गोठलेली असते असे मानणाऱ्यांनी त्या मुद्दाम ऐकाव्यात.

गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. त्यांचा खजिना २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांसमोर आणायला घेतला. आता ओवी, तिचा अर्थ आणि गाणारीचा आवाज घरबसल्या मिळतो.

मराठवाड्यातल्या सगळ्या ओव्या मात्र त्यात आलेल्या नाहीत. १९६५च्या सुमारास पंधरा वर्षांची असलेली दळणारी आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. आष्टीच्या नातवंडांच्या खिशात मोबाइल आहे. हेमाताईंच्या काळी ध्वनिमुद्रणाचे केवढे सामान न्यावे लागे! शाळेतल्या मुलांनी गल्ली वाटून घेतली तर एका दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ काम होईल. आजीचे नाव, माहेरचे गाव, वय आणि ओवी कोणाकडून शिकली, एवढे वहीत लिहावे. नुसते “आजी, ओवी म्हणा” म्हटले तर ती बहुधा म्हणेल, “आता कुठलं आठवतंय, बाबा.” तेव्हा परड्यातले जाते धुऊन तिच्यापुढे मांडावे, ओंजळभर ज्वारी द्यावी, समोर तिच्या शेजारणीला बसवावे आणि मग मोबाइल सुरू करावा.