सडलेल्या द्राक्षांचं आकाश

हंगेरीतल्या टोकायची ‘एसेन्सिया’ ही वाइन पेल्यातून पीत नाहीत, चमच्यानं घेतात. राजेमहाराजे, झार, फ्रान्सचा लुई अशा तिच्या चाहत्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती तिच्या नावामागच्या कल्पनेची. पृथ्वी, आप, तेज, वायू यांपलीकडचं, कधीही न नासणारं पाचवं तत्त्व, म्हणजे पुढे लॅटिनमध्ये ज्याला ‘क्विंटा एसेन्सिया’ म्हटलं गेलं ते, ॲरिस्टॉटलनं आकाशातल्या गोलांना दिलं. ते पृथ्वीवर, तेही वाइनमध्ये, शोधणारा माणूस तुरुंगात बसला होता.

ज्याँ द रॉक्तायाद हा फ्रान्सिस्कन संन्यासी. लॅटिनमध्ये त्याला रूपेसिस्सा म्हणतात. ख्रिस्तविरोधकाचं राज्य जवळ आल्याची भाकितं आणि धर्मसत्तेच्या श्रीमंतीवर केलेली टीका यांमुळे 1344 पासून तो कैदेत होता. पुढे त्याला पोपच्या ॲव्हिन्याँमध्ये आणलं. तिथे 1351-52 च्या सुमारास त्यानं पाचव्या तत्त्वावर ग्रंथ लिहिला. वाइन पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातित केली की ते तत्त्व हाती येतं, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय, तर त्यात ठेवलेलं मांस सडत नाही. या द्रवाला तो ‘आपलं आकाश’ म्हणे आणि तापवलेलं सोनं त्यात विझवून त्या आकाशात सूर्य बसवायला सांगे. येणाऱ्या संकटात गरीब धर्मसेवकांची शरीरं टिकावीत, हा त्याचा हेतू. किमयागारांमध्ये इतका निर्लोभ माणूस मला दुसरा दिसत नाही.

टोकायलाही सोन्याची दंतकथा चिकटली. इथल्या वेलींत सोनं असतं, असं लोक मानत. शेजारच्या झेम्प्लेन डोंगरांत तेल्किबान्या इथे सोन्याच्या खाणी होत्या, त्यामुळे ती समजूत अगदीच हवेतली नव्हती.

एसेन्सिया मात्र भट्टीतून येत नाही. तिसा आणि बोद्रोग नद्यांच्या धुक्यात बॉट्रायटिस ही बुरशी द्राक्षांवर चढते, साल सच्छिद्र होते, पाणी उडून जातं. अशी सुकलेली ‘असू’ द्राक्षं रचून ठेवली की स्वतःच्याच वजनानं जो रस ठिबकतो, तोच एसेन्सिया. 1630 च्या दशकात सेप्सी लात्स्को माते या धर्मोपदेशकानं असू वाइन शोधल्याची कथा अजून सांगतात. पण 1571 ची मालमत्तेची यादी सापडली, आणि तीत असू वाइनची नोंद आहे. ही कथा आता सोडून द्यायला हवी.

रूपेसिस्साला अग्नी हवा होता; टोकायला बुरशी पुरली. ‘सडल्याशिवाय शुद्धी नाही’ हा किमयागारांचाच दुसरा सिद्धान्त, आणि मला तो इथे अधिक खरा वाटतो. एसेन्सियात लिटरला किमान 450 ग्रॅम साखर असते. इतक्या साखरेत यीस्ट जेमतेम काम करतं, किण्वन वर्षानुवर्षं रेंगाळतं आणि अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांपुढे क्वचितच जातं. तरी ती अनेक दशकं टिकते. न नासण्याची रूपेसिस्साच्या कसोटीला ती उतरते, पण ज्या अल्कोहोलवर त्याची सारी भिस्त होती, त्याच्याऐवजी साखरेच्या बळावर.