उपाशीपोटीचे इन्सुलिन : साखरेच्या आकड्यामागचे कष्ट

रक्तातील साखर ठीक निघाली की घरातली माणसे निश्चिंत होतात. परंतु ती साखर ताब्यात ठेवण्यासाठी शरीराला किती राबावे लागते, हे साखरेचा आकडा सांगत नाही. त्या कष्टांचा अंदाज उपाशीपोटी केलेल्या इन्सुलिनच्या तपासणीवरून बांधतात. अलीकडे ही तपासणी पुष्कळांना सुचविली जाते. म्हणून तिचा अर्थ वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इन्सुलिन हा स्वादुपिंडातून पाझरणारा स्राव. रक्तातील साखर स्नायूंत शिरावी आणि यकृताने आपल्याजवळची साखर बेतानेच सोडावी, ही व्यवस्था तो पाहतो. शरीर त्याला जुमानेनासे झाले की स्वादुपिंड अधिक स्राव सोडते. दोन बैलांचे ओझे एकट्या बैलाने ओढले तरी गाडी काही काळ वेळेवर पोहोचतेच; बैल थकला म्हणजे मालकाला जाग येते. मधुमेहाचेही पुष्कळदा असेच होते.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. रक्तातील त्याचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची रीत मात्र रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी सिद्ध केली. तिच्याबद्दल यॅलोबाईंना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक सोपे गणित मांडले : उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. दोघांचीही साखर ९० आहे, पण एकाचे इन्सुलिन ९ व दुसऱ्याचे १८ आहे असे समजा. पहिल्याचे उत्तर २ येते, दुसऱ्याचे ४. साखर तीच, कष्ट दुप्पट.

आमच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या रानात राबणारी माणसे अंगाने काटक. मधुमेह हा शहरातल्या लठ्ठांचा रोग, अशी आपली समजूत. तिला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याने धक्का दिला. २००४ साली त्यांनी स्वतःची व लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! पुण्यात जन्मलेली बाळे लंडनच्या गोऱ्या बाळांहून लहानखुरी असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले, असेही त्यांच्या चमूने २००२ मध्ये दाखविले. तेव्हा सडपातळपणा म्हणजे अभयपत्र नव्हे. अंगमेहनतीने स्नायू इन्सुलिनला जुमानतात, हे आपले भाग्य; ती मेहनत सुटली, की ते कवचही सैल पडते.

तपासणीसाठी आठ ते बारा तास पोटात काही नसावे. पाणी चालते, चहा नाही. एकादशीचा साबुदाणा आणि केळी हा देवाचा उपवास झाला, प्रयोगशाळेचा नव्हे. दुसरी गोष्ट दूरच्या गावांसाठी महत्त्वाची. रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन नष्ट होऊ लागते व आकडा खोटाच कमी येतो. नमुना तालुक्याबाहेर पाठवायचा असेल, तर रक्तद्रव आधी वेगळा करून थंड ठेवतात की नाही, हे विचारून घ्यावे. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनी ते आधी सांगावे; टोचलेले इन्सुलिनही मोजणीत येऊ शकते.

या एका आकड्यावरून मधुमेह ठरत नाही. प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने सर्वमान्य सीमारेषाही नाही. निदान साखरेवरूनच होते : उपाशीपोटी १०० ते १२५ हा इशारा, १२६ वा अधिक पुन्हा आढळल्यास मधुमेह. म्हणून प्रत्येकाने ही तपासणी करून घेण्याचे कारण नाही; ज्याच्या हाती पैसा बेताचाच, त्याने आधी साखर, रक्तदाब आणि कमरेचा घेर पाहावा. डॉक्टरांनी इन्सुलिन मोजावयास सांगितले, तर त्या अहवालाने उपचारात काय बदलणार, हे निःसंकोच विचारावे. आकडा मोठा आला तरी घाबरण्याचे कारण नाही. चालणे, कष्टाचे काम, बेताचा भात, पोटभर भाजी व पुरेशी झोप यांनी बैलावरचे ओझे उतरते, आणि तो थकण्याआधी ते उतरविणे आपल्याच हाती असते.