वेळासचा कासव महोत्सव

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिथून जवळच मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते. गेल्या वीसेक वर्षांत मात्र लोक त्याला कासवांचे गाव म्हणून ओळखू लागले आहेत. फेब्रुवारी सरता सरता इथल्या पुळणीवर सकाळ-संध्याकाळ माणसे जमू लागतात. ती दोरीमागे गप्प उभी राहतात आणि वाळूतून वर आलेली, तळहातावर मावतील एवढी पिल्ले सरपटत समुद्राकडे जाताना पाहतात. एप्रिलपर्यंत हे चालते. याचेच नाव कासव महोत्सव. व्यासपीठ, सत्कार, रोषणाई हे उत्सवाचे नेहमीचे साहित्य इथे लागत नाही. उजेड आणि आवाज जितका कमी, तितका हा महोत्सव नीट पार पडतो.

कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवे मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची असतात. कवचाच्या हिरवट करड्या रंगावरून हे नाव पडले. पूर्ण वाढलेल्या कासवाचे कवच साठ ते सत्तर सेंटिमीटर लांब भरते आणि वजन पस्तीस ते पन्नास किलोपर्यंत जाते. सागरी कासवांमध्ये ही आकाराने लहान जात. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे या जातीच्या हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. महाराष्ट्रात तसे होत नाही. इथे एखादी मादी एका रात्री येते, दुसरी चार दिवसांनी, तिसरी दुसऱ्याच गावाच्या किनाऱ्यावर. त्यामुळे कोकणातल्या घरट्यांकडे बराच काळ कुणाचे लक्ष गेले नाही.

नोव्हेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम. मादी बहुधा रात्री, भरतीच्या सुमारास पुळणीवर चढते, भरतीची रेषा ओलांडून कोरड्या वाळूत जागा निवडते आणि मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. त्यात ती शंभरच्या आसपास अंडी घालते. अंडी दिसतात टेबल टेनिसच्या चेंडूसारखी, पण कवच कडक नसून चामड्यासारखे मऊ असते. मग ती वाळू लोटून खड्डा बुजवते, अंगाचा भार देऊन, डोलत डोलत ती जागा चोपते आणि समुद्रात परतते. अंड्यांशी तिचा पुन्हा संबंध येत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर राहतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही ती ऊबच ठरवते. वाळू एकोणतीस अंशांच्या आसपास असली तर दोन्ही निपजतात. थंड राहिली तर नर वाढतात, तापली तर माद्या.

या दीड-दोन महिन्यांत घरट्याचे काय होई, हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ठाऊक होते. वाळूवर उमटलेला मादीचा माग सकाळी सहज दिसतो. त्या मागावरून घरटे शोधून अंडी काढली जात, घरी खाल्ली जात किंवा विकली जात. माणसांच्या हातून सुटलेली अंडी कुत्री आणि कोल्हे उकरून काढत. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्यात ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण तिला दिलेले आहे. पण रात्रीच्या पुळणीवर कायदा बघायला कोणी नसे. महाराष्ट्रात देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते, त्याला नमस्कार करूनच लोक गाभाऱ्याकडे जातात. त्या श्रद्धेचा किनाऱ्यावरच्या अंड्यांशी सांधा जुळलेला नव्हता. अंडी काढणाऱ्याला दुष्ट ठरवण्यातही अर्थ नाही. उन्हाळ्यात गावात हाताला काम नसे आणि घरटे म्हणजे फुकट मिळालेले अन्न होते.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. गावकऱ्यांकडे चौकशी केल्यावर कळले, की कासवे दरवर्षी येतात आणि अंडी बहुतेक सगळी जातात. संस्थेने त्याच हंगामात काम सुरू केले. घरटी शोधायची कशी हे संस्थेपेक्षा गावातल्यांना चांगले येत होते. म्हणून ज्यांना माग ओळखता येत होता, त्यांनाच राखणीचे काम दिले गेले. त्या पहिल्या हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. संवर्धनाच्या कामात गावकऱ्यांना ‘जागृत’ करण्याची भाषा फार ऐकू येते. वेळासमध्ये ज्ञान गावातच होते, फक्त त्याची दिशा बदलली.

राखणीची पद्धत साधी आहे, पण तिच्यात हयगय चालत नाही. हे राखणदार, म्हणजे कासवमित्र, पहाटे उजाडण्यापूर्वी पुळण पायाखाली घालतात. ताजा माग दिसला की काठीने किंवा हाताने वाळू चाचपून घरटे नेमके कुठे आहे ते काढतात. भरतीचे पाणी किंवा कुत्री पोहोचतील अशा जागी ते असेल, तर अंडी काही तासांच्या आत हलवावी लागतात. काढताना अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची असते. आत वाढणारा जीव कवचाच्या वरच्या अंगाला चिकटलेला असतो. अंडे उलटे झाले तर तो मरतो. किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घालून हॅचरी केलेली असते. तिथे मादीने खणला होता तसाच, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून अंडी ठेवली जातात आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावली जाते. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात.

पिल्ले वाळूखालून एकदम वर येत नाहीत. अंड्यातून निघाल्यावर ती दोन-चार दिवस आतच एकमेकांच्या हालचालींनी वाळू खाली ढकलत वर सरकतात आणि पृष्ठभाग थंड झाला की बाहेर पडतात. टोपली सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात. पिल्ले आलेली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूवर सोडतात. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण उजळ क्षितिजाकडे आणि लाटांकडे स्वतः चालत जाणे हा त्यांच्या दिशाज्ञानाचा भाग मानला जातो. पिल्लू सुमारे चार सेंटिमीटर लांबीचे असते. पहिली लाट त्याला बहुधा मागे फेकते. ते पुन्हा निघते. एकदा पाण्यात शिरले की सुमारे दिवसभर न थांबता खोल समुद्राकडे पोहत राहते. पोटात उरलेला बलक ही त्याची शिदोरी. हजारांतले एखादे पिल्लू मोठे होते असा अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणूनच एकेका घरट्याला किंमत आहे.

हे दृश्य लोकांना दाखवावे आणि त्यातून गावाला चार पैसे मिळावेत, ही कल्पना २००६ मध्ये महोत्सवाच्या रूपाने पुढे आली. वेळासमध्ये हॉटेल नव्हते, ते बांधण्याचा विचारही झाला नाही. पाहुण्यांनी गावातल्याच घरांत उतरायचे, पडवीत किंवा माजघरात अंथरूण टाकायचे आणि घरच्यांनी केलेले जेवायचे, असे ठरले. आमटी-भात, सोलकढी, कुठे उकडीचे मोदक. पाहुण्यांचे पैसे ज्या घरात ते राहिले त्या घरात, बहुतेक वेळा तिथल्या बाईच्या हातात पडू लागले. वेळासचे यश इथे आहे. पूर्वी एका घरट्याच्या अंड्यांतून एकाच कुटुंबाचे एकदाच भागत असे. आता तेच घरटे राखल्याने सगळ्या गावाला हंगामभर पाहुणे मिळतात. हा हिशेब कुणाला भाषण देऊन समजवावा लागत नाही. अंडी चोरणाऱ्याला आता पोलिसांआधी शेजारी अडवतो.

वेळासचे पाहून इतर गावांनीही काम हाती घेतले. दापोली तालुक्यातले आंजर्ले, रायगड जिल्ह्यातली हरिहरेश्वर आणि दिवेआगर, गुहागर, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर घरटी राखली जातात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाने या कामाला सरकारी आधार दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या कथेला पार्श्वभूमी असलेले कोकणातले कासव संवर्धन किनाऱ्यापासून दूर असलेल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.

किनारा राखून काम निम्मेच होते. मोठी कासवे मरतात ती समुद्रात, जाळ्यात अडकून. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते खाली अडकून राहिले तर गुदमरते. कासवाला वाट देणारी जाळी वापरली जात नाही, या कारणावरून अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातून येणारी समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले आणि त्याचा फटका मच्छीमारांना बसला. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये एक शहाणपणाचा निर्णय घेतला. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्र किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे ही कोळ्याची भांडवली वस्तू आहे. ते कापायला सांगायचे तर नुकसान समाजाने वाटून घेणे हाच न्याय आहे. कूर्म हा विष्णूचा अवतार म्हणून कासवाला हात जोडून सोडणारे मच्छीमार पूर्वीही होतेच. या योजनेने त्यांच्या भावनेला हिशेबाची जोड मिळाली.

कोकणातली कासवे पुढे जातात कुठे, याचे उत्तर अलीकडे मिळू लागले. २०२२ च्या आरंभी कांदळवन कक्ष आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली. वेळासच्या पुळणीवरून निघालेल्या पहिलीचे नाव प्रथमा. बाकीच्या सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मग जानेवारी २०२५ मध्ये उलट्या दिशेचा पुरावा आला. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला होता. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, असे मानण्याची सोय या एका मादीने संपवली.

महोत्सवाला धोकेही आहेत आणि त्यांतले काही त्याच्या यशातूनच आले आहेत. पिल्ले उजेडाकडे वळतात; किनाऱ्यालगत दिवे लागले की ती समुद्राऐवजी गावाच्या दिशेने चालू लागतात. गोव्यातल्या मोरजीला कासवांचा किनारा म्हणून संरक्षण मिळाले, तरी पर्यटनाच्या दिव्यांशी आणि गोंगाटाशी तिथे सतत झुंजावे लागते. कोकणाने ते उदाहरण डोळ्यांपुढे ठेवायला हवे. उन्हाळे तापत चालल्याने घरट्यांवर सावली धरावी लागते, नाहीतर माद्यांचे प्रमाण वाढते आणि अति उष्णतेत अंडी नासतात. २०२० चे वर्ष तर दुहेरी आघाताचे ठरले. मार्चमध्ये टाळेबंदीने पाहुणे थांबले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पर्यटनावरच सगळी भिस्त ठेवणाऱ्या संवर्धनाची कमजोरी तेव्हा दिसली.

पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील, हे कासवमित्रांनाही नेमके सांगता येत नाही. दोन दिवस राहून काहीच न दिसता परत जाणारे पाहुणे दर हंगामात असतात. वेळासला जाणाऱ्याने ही शक्यता धरूनच निघावे. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवावा, दोरी ओलांडू नये, पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढण्याचा हट्ट धरू नये आणि टोपलीखाली फक्त वाळू निघाली तरी राखणदाराला घरटे उकरायला सांगू नये.